दोऱ्यापलीकडचे शेजारी

दुपारचं जेवण झालं की सासूबाई झोपायच्या आणि एका गावाला जाऊन यायच्या.

गाव लहानसंच. तीन गल्ल्या, सव्वीस घरं. वरच्या गल्लीत दहा, मधल्या गल्लीत नऊ, खालच्या गल्लीत सात. गल्ल्या एकीखाली एक, पण जराशा सरकलेल्या, त्यामुळे खालच्या प्रत्येक घराला वरच्या दोन घरांचे कोपरे टेकलेले. दारांवर पाट्या नाहीत. कुठलं घर कुणाचं हे सासूबाईंच्या बोटांना माहीत, डोळ्यांना नाही. गावाच्या मधोमध एक ओढा. ओढ्याच्या अलीकडे अकरा घरं, पलीकडे पंधरा, आणि पूल कुठेच नाही.

"पलीकडे दिवे लागत नाहीत गं," उठल्यावर त्या सांगायच्या. "मी काठावरून हाका मारते. एकानं दार उघडलं असेल तर शपथ."

हे गाव म्हणजे कीबोर्ड, हे ओळखायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही. चाळीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेल्या बाईला स्वप्नात दुसरं कुठलं गाव दिसणार? तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय काठीच्या आधाराने चालू लागला, जीभ पुन्हा वळायला लागली, पण डावा हात आपण ठेवू तिथेच पडून राहायचा. स्वप्नातल्या त्या पंधरा घरांचे दिवे कुणी घालवले, हे उघड होतं.

जिना चढता येईना म्हणून आम्ही त्यांचा पलंग खाली क्लासच्या खोलीतच आणला होता. रस्त्याकडे दोन खिडक्या, भिंतीला लागून सात टेबलं, सात टाइपरायटर, आणि मधे पलंग. क्लास बंदच होता. दुपारी पडद्यातून पिवळा उजेड यायचा, यंत्रांवरच्या फडक्यांवर पसरायचा, आणि त्या सात झाकलेल्या यंत्रांमधे झोपलेल्या सासूबाई आठव्या यंत्रासारख्या दिसायच्या. मला ते बघवायचं नाही. मी उगाच फडकी झटकत बसायचे.

आता माझ्याविषयी. मी सून. रक्ततपासणीच्या केंद्रात खिडकीशी बसते आणि अहवाल टाइप करते, तेही एका बोटाने. अगदीच घाई असली तर दुसऱ्या हाताचं एक बोट मदतीला येतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला टाइप करताना पाहिलं, आणि म्हणाल्या, "दाणे टिपतेस की काय?" तेव्हापासून या घरात माझं नाव कोंबडी. नवरा फिरतीच्या नोकरीवर असतो, पण फोनवर तोही विचारतो, "काय म्हणते आमची कोंबडी?" मी कितीदा तरी भांडले. मग सोडून दिलं.

त्यांच्या क्लासचे कायदे कडक. कळांवरची अक्षरं त्यांनी काळ्या रंगाने बुजवून टाकलेली. "बघून लिहायचं असेल तर फळ्यावर लिहा," म्हणायच्या. आणि दुसरा कायदा दोऱ्याचा. प्रत्येक यंत्राच्या कळांमधून, वरपासून खालपर्यंत, एक काळा दोरा ताणून बांधलेला. टी आणि वायच्या मधून, जी आणि एचच्या मधून, बी आणि एनच्या मधून. डावीकडचं डाव्या हाताचं, उजवीकडचं उजव्या हाताचं. बोटाला दोरा लागला की समजायचं, आपण दुसऱ्याच्या हद्दीत शिरलो. मग सासूबाईंची पट्टी यायची. जोरात नाही, पण यायची. दुसऱ्या कुठल्या क्लासात असा दोरा कुणी पाहिलेला नाही. महिन्याच्या महिन्याला सासरे तो बदलायचे, कारण सैल दोरा सासूबाईंना खपत नसे.

सासरे टाइपरायटर दुरुस्त करायचे. सासूबाई तरुणपणी एका कचेरीत टायपिस्ट होत्या, तिथे ते यंत्र दुरुस्त करायला गेले आणि पुढचं सगळं झालं. कसं झालं ते मी शंभर वेळा ऐकलंय. यंत्र खोलून कळा फडक्यावर मांडता मांडता त्यांनी विचारलं होतं, "बाई, तुम्ही दिवसभर यावर बोटं चालवता. सांगा बघू, दोन अक्षरं एकमेकांना लागून असली की ती शेजारी. अशा शेजाऱ्यांच्या जोड्या किती? फक्त अक्षरं. आकडे धरायचे नाहीत."

सासूबाईंनी डोळे मिटले, मांडीवर बोटं हलवली आणि म्हणाल्या, "डावीकडे तीस, उजवीकडे वीस. पन्नास."

"पंचावन्न," सासरे म्हणाले.

त्यावर पैज लागली. जो चुकला असेल त्याने जन्मभर सकाळचा चहा करायचा, आणि निकाल लागेपर्यंत चहा सासऱ्यांनी करायचा, कारण खोडी त्यांनी काढली होती. निकाल काही लागला नाही. त्यांनी लग्न केलं. सासरे एक्केचाळीस वर्षं चहा करत राहिले. प्रत्येक तुकडीला शेवटच्या दिवशी सासूबाई हे कोडं घालायच्या, मुलं डोळे मिटून मोजायची, आणि दोऱ्याच्या शाळेत शिकलेली ती मुलं झाडून सगळी पन्नास म्हणायची. सासूबाई स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडायच्या, "ऐकलंत का हो?" आतून फक्त कपबशीचा आवाज यायचा.

आजारी पडल्यावर त्यांनी एकदाच त्या कोड्याचा विषय काढला. त्या दिवशी मी त्यांचे केस विंचरत होते.

"पन्नास होते," त्या आपल्या आपणच म्हणाल्या. "आता वीसच राहिले."

माझ्या हातातला कंगवा तसाच थांबला.

त्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी सांगून टाकलं की यंत्रं विकायची. कॉफीचं दुकान नव्याने काढणारा एक माणूस त्यांनी स्वतःच फोन करून गाठला होता. सहा यंत्रं तो भिंतीवर टांगणार होता, आणि सातव्यात फुलं लावून ते दाराशी ठेवणार होता. शनिवारी दहा वाजता गाडी येणार.

"फुलं?" मी म्हणाले. "टाइपरायटरमधे?"

"एका हाताची बाई टायपिंग शिकवते त्यापेक्षा बरं," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. हल्ली झोप वाढतच चालली होती. आधी दुपारची तासभर असायची, मग ती संध्याकाळपर्यंत लांबली, मग सकाळचीही सुरू झाली. उठल्या की गावातल्या बातम्या सांगायच्या. ओढ्याला पाणी वाढलंय. अलीकडच्या घरांमधेही एकदोन दिवे मिणमिणायला लागलेत. "तिथं बरं असतं गं," त्या म्हणायच्या. "तिथं कुणी मला काही विचारत नाही." डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद आहे, पण त्यांनी मनावर घेतलं पाहिजे. आणि यंत्रं गेल्यावर त्या कशाला मनावर घेणार? त्या त्या गावाला जातील आणि एक दिवस परत येणार नाहीत, याची मला भीती वाटत होती.

गुरुवारी केंद्रात गर्दी नव्हती. एक आजोबा अहवालासाठी बाकावर पेंगत होते, पंखा कुरकुरत होता. मी त्यांचं आडनाव टाइप करत होते. टी. मग वाय. माझं बोट शेजारच्या कळीवर सहज सरकलं, आणि तिथेच थबकलं.

माझ्या कीबोर्डला दोरा नव्हता.

मी एक रद्द झालेला फॉर्म पालथा घातला आणि सव्वीस अक्षरं तीन ओळींत लिहून काढली. जी अक्षरं लागून होती त्यांच्यामधे रेघ मारली. रेघा मोजल्या. पंचावन्न. पुन्हा मोजल्या. पंचावन्नच. मग पेनाने मधून दोराही काढला, जिथून सासूबाईंचा जातो तिथूनच, आणि त्याने कापलेल्या रेघा मोजल्या. टी आणि वाय. वाय आणि जी. जी आणि एच. एच आणि बी. बी आणि एन. पाच. वरपासून खालपर्यंत नागमोडी, उसवलेल्या शिवणीवर पाच टाके घालावेत तशा.

डोळे मिटून मोजणाऱ्या बाईच्या मनात तो दोरा आधीपासूनच होता, त्यापलीकडचा शेजारी तिला शेजारी वाटलाच नव्हता. डावा हात आपले तीस मोजत होता, उजवा आपले वीस, आणि दोघांच्या मधल्या पाचांना वालीच नव्हता. इतकी वर्षं कोंबडी म्हणवून घेतल्याची भरपाई झाल्यासारखा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, पहिला विचार हाच आला की आता बघते. आजोबांनी डोळे उघडून विचारलं, "बाई, रिपोर्ट वाईट आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, फारच छान आहे."

घरी आले तर सासरे मागच्या पायरीवर बसून एका यंत्राला तेल घालत होते. विकायच्या यंत्राला! मी त्यांच्यासमोर कागद धरला.

"बाबा, पंचावन्नच आहेत."

"हळू बोल," ते आतल्या दाराकडे बघत म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला चूक कुठे आहे ते ठाऊक होतं?"

"क्लास काढला त्याच्या तिसऱ्या महिन्यात कळलं. दोरा मीच बांधतो की. बांधताना पाच ठिकाणी हात अडखळतो."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर चहा तिनं केला असता." त्यांनी कापसाचा बोळा पिळला. "तिच्या हातचा चहा तू प्यायली नाहीस अजून. सुखी आहेस." मग तो बाजूला ठेवला. "सकाळी ती डोळे मिटूनच कप घ्यायची. तळाशी आली की म्हणायची, अजून अर्धा मिळेल का? रोज. तेवढं ऐकायला मी एक्केचाळीस वर्षं हरलेला राहिलो. आता कप आहे तसा परत येतो."

"उद्या मी त्यांना सांगणार."

"नाही सांगायचं." ते असं कधी बोलत नसत. "तिचं निम्मं अंग गेलंय. तीस गेले म्हणते ती. वर तू जाऊन सांगणार की पन्नासही चुकीचेच होते? तेवढं तरी राहू दे तिच्याकडे."

"बाबा, मी काढून घेत नाहीये काही. हे पाच त्यांचे आहेत. त्यांनी कधी घेतलेच नाहीत."

त्यांनी कागद घडी करून मला परत दिला आणि पुन्हा तेलाच्या बाटलीकडे वळले. हो म्हणाले नाहीत. पण पुन्हा नाहीही म्हणाले नाहीत.

शुक्रवारी मी दुपारची सुट्टी काढली. पडद्यातून तोच पिवळा उजेड, तीच सात फडकी. सासूबाई नुकत्या उठल्या होत्या आणि अजून अर्ध्या त्या गावातच होत्या. डोळे उघडे, पण नजर लांब कुठेतरी.

"कुठवर जाऊन आलात, आई?"

"ओढ्यापर्यंत. आज मधल्या गल्लीतल्या काठच्या घरी बसले होते. एचच्या."

मी एक यंत्र उचललं. जड होतं, कंबर धरली, पण उचललं. पलंगावर त्यांच्या मांडीशी ठेवलं, फडकं काढलं, आणि त्यांचा उजवा हात धरून पहिलं बोट एचवर ठेवलं. त्यांनी हात ओढला नाही. डोळे मिटले.

"या घराचे शेजारी कोण कोण?" मी विचारलं.

नुसतं विचारल्यावर त्यांना सांगता येत नसे. बोट हललं की तोंडून अक्षर यायचं. बोट हललं. "वाय. यू. जे. एन."

"आणि डावीकडे?"

"डावीकडे दोरा आहे."

"दोऱ्यापलीकडे?"

"पलीकडे डावा हात." त्यांचा आवाज एवढासा झाला. "तिकडचं मला विचारू नकोस, कोंबडे."

मी माघार घेतली नाही. "डाव्या हाताला नाही विचारत. या घराच्या खिडकीतून वाकून बघा. तिकडचं घर किती लांब आहे?"

रस्त्यावरून एक सायकल गेली. स्वयंपाकघरात सासऱ्यांच्या चपलांचा आवाज येत होता तो थांबला. मग सासूबाईंचं बोट सरकलं. दोऱ्याला लागलं आणि चटका बसल्यासारखं मागे आलं. चाळीस वर्षं ज्या हाताने पट्टी मारली तोच हात, त्याला ते सोपं कसं जावं? पुन्हा गेलं. या वेळी दोरा वाकला, बोट त्याच्या खालून पलीकडे उतरलं आणि कळ दाबली. ठक्क.

"जी," सासूबाई म्हणाल्या. डोळे अजून मिटलेलेच. "हा तर इथेच आहे. भिंतीला भिंत लागून आहे."

"अजून?"

"खाली बी. वरून..." बोट आता माझ्यासाठी थांबत नव्हतं. ते वर गेलं आणि टाके घालत खाली आलं. टी, वाय. वाय, जी. जी, एच. एच, बी. बी, एन. प्रत्येक वेळी दोरा वाकत होता. "एक. दोन. तीन. चार. पाच." त्या थांबल्या. ओठ हलले. तीस आणि वीस आणि पाच. मग त्यांनी डोळे उघडले, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या पूर्ण इथे होत्या, या खोलीत, माझ्यासमोर.

"अहो!" त्या ओरडल्या. खिडकीवरचं कबुतर उडालं.

सासरे दारात आले.

"पंचावन्न आहेत."

"हो," सासरे म्हणाले.

"कधीपासून माहीत होतं?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. "पहिल्या वर्षापासून."

"आणि मी चाळीस वर्षं पोरांना चुकीचं शिकवत राहिले? आणि तुम्ही आत उभे राहून कपबशा वाजवत होतात?" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण चेहरा रागाने लाल होता, आणि तो राग बघून मला इतकं बरं वाटलं की मीही रडायला लागले. "कात्री आण गं."

मी कात्री आणून त्यांच्या उजव्या हातात दिली. एका हाताने जरा धडपड झाली. मी पुढे झाले तर त्यांनी कोपराने मला बाजूला सारलं. दोरा तुटला आणि दोन्हीकडे सुटून लोंबायला लागला. मग त्यांनी उजवा हात सरळ पलीकडे नेला, त्या पंधरा काळोख्या घरांकडे, आणि एकेक कळ दाबायला सुरुवात केली. अगदी हळू. माझ्याहून हळू. एकाच बोटाने.

"दाणे टिपताय, आई," मी म्हणाले.

"गप्प बस," त्या म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत टिपत राहिल्या.

शनिवारी दहाला कॉफीवाला गाडी घेऊन आला. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आधी मोजून दाखवा, मग न्या." तो बिचारा घाम पुसत त्रेपन्नापर्यंत गेला आणि पुढे अडकला. रिकामी गाडी घेऊन परत गेला. एक यंत्र तरी द्या म्हणत होता, फुलांसाठी. सासूबाईंनी त्याला फुलदाणी घ्यायला सांगितलं.

सासऱ्यांशी मात्र त्या शनिवारभर बोलल्या नाहीत. त्यांच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. सासऱ्यांनी सातही यंत्रांचे दोरे काढले, गुंडाळून खिशात ठेवले, आणि मला हळूच विचारलं, "सांगितलं ते बरं केलंस ना?" मी म्हटलं, "ते मला कशाला विचारता?"

रविवारी सकाळी मला भांडं पडल्याच्या आवाजाने जाग आली. धावत खाली आले. स्वयंपाकघरात सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. काठी भिंतीशी, डावा हात ओट्यावर ठेवलेला, उजव्या हातात चिमटा. चहाची पूड जमिनीवर, दूध शेगडीवर. सासरे टेबलाशी बसले होते, दोन्ही हात मांडीवर. त्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. ते उठायला लागले की सासूबाई म्हणायच्या, "बसा." मी पुढे झाले तर मलाही म्हणाल्या, "तूही बस."

त्यांनी कप भरला. दारापासून मला रंग दिसला आणि तो चहाचा नव्हता. एका हाताने, कप बशीत खडखड वाजवत, चार पावलं चालून त्यांनी तो सासऱ्यांसमोर आणून ठेवला, आणि समोरच उभ्या राहिल्या.

सासऱ्यांनी डोळे मिटले. एक घोट घेतला. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. मग ते पीत राहिले, न थांबता, तळापर्यंत, आणि डोळे न उघडताच त्यांनी कप पुढे केला.

"अजून अर्धा मिळेल का?"